अनाथांचे माहेर : पंडिता रमाबाई

महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज भरताना 'पालकाचे नाव' आणि 'कायमचा पत्ता' या दोन रकान्यांपाशी आपली लेखणी क्वचितच थांबते. घर आहे, घरात माणसे आहेत, हे आपण इतके गृहीत धरलेले असते, की त्या दोन ओळी कोणाला अवघड जात असतील ही शंकाही मनाला शिवत नाही. परंतु आपल्या शेजारच्या बाकावर बसणारा एखादा विद्यार्थी बालगृहात वाढलेला असू शकतो. अठरा वर्षे पुरी झाली की बालगृहाचा निरोप घ्यावा लागतो. कालपर्यंत जो बालगृहाचा पत्ता त्याचा पत्ता होता, तो वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा राहत नाही.

माजिवडा नाक्यावर सायंकाळी उभे राहावे. मुंबईहून येणारा द्रुतगती मार्ग, घोडबंदरकडे वळणारा रस्ता आणि नाशिककडे जाणारा महामार्ग येथे एकत्र येतात. एकीकडे जुन्या गावठाणातली घरे, दुसरीकडे मजल्यांवर मजले चढवीत गेलेल्या इमारती. इतक्या खिडक्यांतून दिवे लागत असतात, की घर ही दुर्मीळ वस्तू आहे असे कोणालाही वाटू नये. तरीही येथे भाड्याची खोली शोधायला निघालेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या निराधार मुलाला काय अनुभव येईल? अनामत रक्कम मागतील, ती त्याच्यापाशी नसेल. वडिलांना घेऊन ये म्हणतील. गाव कोणते म्हणून विचारतील. ओळख देणारा कोण, असा प्रश्न येईल. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर न देता आल्यामुळे तो जिना उतरून खाली येईल. त्याला बालगृहाने अन्न दिले, वस्त्र दिले, शाळा दिली. फक्त उद्या परत येण्याची जागा दिली नाही.

ही अवस्था नवी नाही. दीडशे वर्षांपूर्वी सोळा वर्षांची एक मुलगी अशीच उघड्यावर पडली होती. पुढे ती पंडिता म्हणून देशभर गाजली, विदेशात गेली, तिने ग्रंथ लिहिले, धर्म बदलला, वादळे अंगावर घेतली. तिच्या विद्वत्तेविषयी आणि धर्मांतराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु निराधार मुलीला कसले घर लागते, या एका प्रश्नाच्या अनुरोधाने तिचे चरित्र पाहिले, तर ते आजही आपल्याला बरेच काही शिकवून जाते. त्या दृष्टीने हा अल्पसा प्रयत्न.

बिऱ्हाड पाठीवर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना शास्त्री-पंडितांचा रोष पत्करावा लागला होता. अरण्यातल्या आश्रमात विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, सर्वांचे आदरातिथ्य होई. या औदार्यात संपत्ती आटली आणि कुटुंबाला आश्रम सोडावा लागला. त्या वेळी रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटीत ठेवून त्यांना डोंगर उतरवून खाली आणले. ज्या वयात मुले पाळण्यात निजतात, त्या वयात त्यांचा प्रवास सुरू झाला.

यापुढे या कुटुंबाला गाव असे उरले नाही. तीर्थामागून तीर्थ करीत जावे, देवळात पुराण सांगावे, श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. आई लक्ष्मीबाई हीच रमाबाईंची शिक्षिका. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते. विद्येचे असे धन त्या काळी क्वचितच एखाद्या मुलीच्या वाट्याला आले असेल. मात्र चार पैसे मिळवून देणारे कोणतेही काम या मुलांना कोणी शिकवले नव्हते. पुराण सांगणे एवढाच व्यवसाय, आणि तो ऐकणाऱ्याच्या पोटात अन्न असेल तरच चालणारा.

सोळाव्या वर्षी

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नाही, तेथे पुराणिकाला कोण देणार? जवळचे किडूकमिडूक, भांडी, वस्त्रे विकून झाली. मजुरी करावी तर सवय नाही, भीक मागावी तर लाज आड येते, अशा कोंडीत हे कुटुंब सापडले. अखेर जलसमाधी घ्यावी असे वृद्ध अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतले. अरण्यात पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी अकरा दिवस काढले. जलसमाधी टळली, परंतु अनंतशास्त्र्यांचे देहावसान झाले. काही आठवड्यांतच लक्ष्मीबाई गेल्या.

आईच्या अंत्ययात्रेचा प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे. स्मशान सुमारे तीन मैल दूर. खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. उंची कमी असल्यामुळे खांदा पुरेना, म्हणून या मुलीने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. पुढे थोड्याच काळात मोठी बहीण कृष्णाबाईही वारली. उरली ती दोन भावंडे.

वर एक आभाळ आणि खाली एक धरती, अशा स्थितीत ही दोघे दक्षिणेपासून पंजाब-काश्मीरपर्यंत आणि तेथून बंगालपर्यंत पायी हिंडली. मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाशी खावे आणि पुढची वाट धरावी. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने कहर केला. अंगावर पांघरूण नव्हते. तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत निजून मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. पुढच्या आयुष्यात रमाबाईंनी जी घरे बांधली, त्यांच्या पायाखाली ही झेलमकाठची वाळू आहे, असे मला वाटते. निवारा म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्याला पोचली. तेथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरवले. नाव झाले, परंतु नावाने पाठीशी माणूस उभा राहत नाही. १८८० साली ढाक्याला श्रीनिवासशास्त्र्यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, विवाह नोंदणी पद्धतीचा. टीका व्हायची ती झालीच. १८८१ च्या एप्रिलमध्ये कन्या मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा घास घेतला. वयाच्या चोविसाव्या वर्षात, कडेवर दहा महिन्यांची मुलगी घेऊन, रमाबाई पुन्हा होत्या तेथेच आल्या.

परदेशातून आणलेली शिदोरी

१८८२ साली त्या पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा मानस होता, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या राहिल्या. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि सुमारे अडीच-तीन वर्षे तिकडेच राहून शाळा, बालोद्याने, स्त्रियांच्या संस्था पाहत हिंडल्या. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो वाचून बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि बालविधवांसाठी काढावयाच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे तिने मान्य केले. ही दहा वर्षांची मुदत वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व आहे.

शारदासदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. आरंभी मुली दोनच. त्यांतली एक होती गोदूबाई, कोकणातून आलेली बालविधवा. सासरी तिला स्थान नाही, माहेरी ती ओझे, आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे तर विद्या नाही. अशा मुलींना निवारा द्यावा, त्यांना शिकवावे आणि शिक्षिका किंवा परिचारिका म्हणून स्वतःची भाकरी स्वतः मिळवण्यास समर्थ करावे, हा सदनाचा हेतू होता. १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्यास हलले. ठाणे-कल्याणवरून जो लोहमार्ग पुण्याला जातो, तोच सदनाच्याही स्थलांतराचा मार्ग.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गोदूबाईंचे जीवन सदनाच्या दारापाशी संपले नाही. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या; 'बाया कर्वे' म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. या विवाहामुळे कर्व्यांना मुरुड गावाने वाळीत टाकले. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला. एका निवाऱ्यातून बाहेर पडलेली मुलगी दुसऱ्या निवाऱ्याची आधारस्तंभ झाली. एखाद्या संस्थेने किती जणींना जेवू घातले, हा हिशेब महत्त्वाचा आहेच. पण बाहेर पडलेली मुलगी पुढे कोठे पोचली, हा हिशेब त्याहून मोठा.

१८९३ हेच वर्ष सदनाच्या दृष्टीने कसोटीचे ठरले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा संस्कार होतो, असा आक्षेप घेऊन 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. आक्षेप निराधार होता असे म्हणता येणार नाही, कारण रमाबाईंच्या प्रार्थनेची खोली मुलींना बंद नव्हती आणि काही मुली तिकडे ओढल्या गेल्या होत्या. परंतु ज्या मुलींना नेले, त्यांना घरी कोणते स्थान मिळणार होते, या प्रश्नाचे उत्तर टीकाकारांपाशीही नव्हते. वाद धर्माचा होता आणि भोगायचे मात्र मुलींना होते, हे या प्रकरणातले खरे दुःख आहे.

मुदत संपण्याच्या आधी

बोस्टनची मदत दहा वर्षांची; म्हणजे १८९८ च्या सुमारास ती संपणार. संस्थेचेही 'वय' भरत आले होते, असे म्हणा ना. रमाबाईंनी त्याची तजवीज आधीच सुरू केली. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावजवळ त्यांनी शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली, विहिरी खोदल्या, आंबा-लिंबू-संत्र्यांची बाग लावली. पाहुण्याच्या भाकरीवर घर चालत नाही, हे दुष्काळात होरपळलेल्या मुलीला ठाऊक होते.

इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून येणारी वर्णने ऐकून रमाबाईंना आपले सोळावे वर्ष आठवले नसेल तरच नवल. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली-बायांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाची साथ आणि तिच्यामुळे लादलेले निर्बंध. इतक्या मुलींना तेथे ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा केडगावच्या शेतात तंबू आणि गवती झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्तिसदन. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेकडून आणखी मुली आल्या आणि सदनातील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या वसतीत प्रत्येकीच्या हाताला काम होते. कोणी मागावर बसे, कोणी शिवणकाम करी, कोणी गाईगुरांची देखभाल पाही. तेलाचा घाणा होता, धोबीखाना होता, शेती होती, रुग्णशुश्रूषा होती. छापखान्यात मुली खिळे जुळवीत, छपाई आणि पुस्तकबांधणी करीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच मुलींच्या हातून छापून निघाले. अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन होते. त्यांना ब्रेल लिपी आणि हस्तकाम शिकवीत. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. अठरा हजार श्लोक पाठ असूनही दुष्काळात आपण पोट भरू शकलो नाही, ही जाणीव या कामाच्या मुळाशी असावी. विद्या आणि हातातले कसब यांची सांगड रमाबाईंनी घातली, ती पुस्तकातून वाचून नव्हे.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. मुक्तिसदनात मुलगी अमुक वर्षांची झाली की तिने निघावे, असा दंडक नव्हता. काही मुली शिक्षिका झाल्या, काही परिचारिका, काहींची लग्ने झाली. काही सदनातच कार्यकर्त्या म्हणून राहिल्या आणि नव्याने आलेल्या लहान मुलींच्या त्या आया-मावश्या झाल्या. काल जिला जेवण वाढले, ती आज दुसरीला वाढते, असा तो संसार होता. आपल्या भाषेत अशा जागेला एक सुंदर शब्द आहे : माहेर. सासरी गेलेल्या लेकीचे नाव माहेरच्या घरातून पुसले जात नाही. सणावाराला ती येते, बाळंतपणाला येते, दुखलेखुपले तर येते. माहेर तिला सांभाळून घेते आणि पुन्हा धीर देऊन पाठवते.

उंबरठा आणि कुंपण

चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळणे योग्य नव्हे. मुक्तिसदनाचे वातावरण उत्तरोत्तर पूर्णपणे धर्मनिष्ठ झाले. तेथे येणाऱ्या मुलीला अन्नाबरोबर एक श्रद्धाही मिळे, आणि भुकेल्या पोटी आलेल्या पोरीला त्या श्रद्धेची निवड करण्याची मोकळीक कितपत होती, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. शिवाय आतले जग जितके परिपूर्ण, तितकी बाहेरच्या जगाची वाट दुरावते. सदनात राहिलेल्या सर्वच स्त्रिया स्वेच्छेने राहिल्या, की बाहेर त्यांना कोणी स्वीकारले नसते म्हणून राहिल्या, हे सांगणे कठीण आहे. निवाऱ्याला उंबरठा हवा. उंबरठा ओलांडून जाता येते आणि परतही येता येते. कुंपणाला ही सोय नसते. रमाबाईंच्या संस्थेत या दोन्ही गोष्टी होत्या, असे नमूद करणे न्यायाचे होईल.

मनोरमाबाई आईच्या हाताखाली तयार झाल्या. शारदासदनाच्या शाळेचा भार त्यांनी उचलला आणि गुलबर्ग्यालाही मुलींची शाळा काढली. आपल्या मागे हे घर मनोरमा पाहील, अशीच आईची अपेक्षा असणार. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, चाळिशीतच, मनोरमाबाई वारल्या. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी एकुलती एक मुलगी. ज्या स्त्रीने शेकडो अनाथांना घर दिले, तिच्या रक्ताचे कोणी उरले नाही. तरी काम थांबले नाही. बायबलच्या भाषांतराचे काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावची संस्था आजही चालू आहे.

आपला वाटा

रमाबाईंच्या निधनाला शंभरांहून अधिक वर्षे झाली. आता निराधार मुलांची जबाबदारी कायद्याने शासनावर आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात, अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या युवकांसाठी एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढील आधाराची, तरतूद आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंतची सवलत आहे, आणि सहा ते आठ जणांनी मिळून राहावयाच्या तात्पुरत्या घरांची कल्पनाही आहे. २०२२ च्या 'मिशन वात्सल्य' योजनेत अशा युवकासाठी दरमहा चार हजार रुपयांची तरतूद केली गेली. महाराष्ट्राने २०१८ साली अनाथांना शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण दिले. कागदावर पाहिले तर ही प्रगती लहान नाही.

परंतु माजिवड्यासारख्या ठिकाणी चार हजारांत खोली कोठे मिळणार? आणि मिळाली, तरी तापाने फणफणलेल्या रात्री पाणी कोण देणार? दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहाची खाणावळ बंद होते, मुले पिशव्या भरून गावी निघतात, तेव्हा ज्याला गाव नाही त्याने कोठे जावे? नोकरी सुटली, तर चार दिवस टेकायला कोणाचे दार वाजवावे? एकविसाव्या वर्षी आपल्यापैकी किती जण स्वतःच्या पायावर उभे असतात, हे आपण मनाशी प्रामाणिकपणे तपासून पाहावे. आपल्याला पंचविशीपर्यंत आईच्या हातचा डबा मिळतो, आणि ज्याला कोणीच नाही, त्याने मात्र अठराव्या वर्षी प्रौढ व्हावे, अशी आपली अपेक्षा असते.

सहा-आठ जणांचे एक लहानसे घर, शेजारी कोणी जाणते माणूस, हाताला कसब, आणि बाहेर पडल्यावरही परत येण्याची मोकळीक. एवढ्या गोष्टी जुळल्या तर निराधार मुलाचे आयुष्य मार्गी लागते. यासाठी शंभर एकर जमीन लागत नाही. माजिवड्याच्या एखाद्या इमारतीतील दोन खोल्याही पुरतात, फक्त इमारतीतल्या इतरांनी त्या मुलांना पाहून दार लावून घेऊ नये. आपल्या वर्गात असा एखादा सोबती असेल, तर त्याची कणव करत बसू नये. येत्या दिवाळीत त्याला घरी फराळाला बोलवावे, आणि पुढच्या दिवाळीतही बोलवावे. एकदा बोलावले तर तो पाहुणा असतो. दरवर्षी बोलावले तर ते त्याचे घर होते.